सोवळ्यातली गोळी

एका जागी बसून राहणं मला आजतागायत जमलेलं नाही. औषधं देणाऱ्या माणसाला हा दुर्गुण परवडत नाही, तरी सारी नोकरी मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या औषधखिडकीमागे काढली. खिडकीपुढे रांग, मागे बाटल्यांची कपाटं आणि मध्ये येरझारा घालणारा मी. समोरच्याने दुखणं सांगायला सुरुवात केली की त्याचं अर्धं वाक्य मीच पुरं करायचो. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं, त्यामुळे सवय सुटली नाही.

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "काका, गमतीदार गिऱ्हाइकांबद्दल लिहा ना, लोक आवडीने वाचतात." गमतीदार गिऱ्हाइकं पुष्कळ भेटली. एका आखाड्याचे पैलवान दर महिन्याला येऊन हळूच विचारायचे, "कंपाउंडरसाहब, वो गोली दे दो, जिससे आदमी फूल जाता है." त्यांच्या गल्लीतला एक दमेकरी ती गोळी खाऊन गुबगुबीत झाला होता आणि पैलवानांना ती ताकद वाटली होती. ती ताकद नव्हती, अंगात साठलेलं पाणी आणि चरबी होती. मी त्यांना सांगितलं की या गोळीने गाल वर येतील आणि मांड्या वाळतील, कुस्तीत पहिल्याच पकडीला बसाल. ते नाराज होऊन गेले आणि पुढच्या महिन्यात पुन्हा आले.

दुसरे एक वैद्यबुवा होते. त्यांच्या सांधेदुखीच्या पुडीची ख्याती पार मुरैना-भिंडपर्यंत. म्हातारी माणसं एका पुडीत उठून चालू लागायची. एकाने ती पुडी माझ्याकडे आणली. चूर्ण चिमटीत घेतलं तर सुंठ-हळदीच्या वासात पांढरे कण, आणि जिभेवर ओळखीचा कडूपणा. बुवा तीच गोळी कुटून घालत होते. पुडी बंद केली की माणूस पहिल्यापेक्षा वाईट आजारी पडायचा आणि धावत परत बुवांकडेच जायचा. बुवांशी मी दवाखान्याच्या दारातच भांडलो, त्यावर ते शांतपणे म्हणाले, "गुण येतो ना? मग?"

मला त्याच गोळीबद्दल सांगायचं आहे. संपादकबाई, गंमत संपली, माफ करा.

आपल्या शरीरात एक पहारा असतो. बाहेरून जंतू आला की तो त्याच्यावर धावून जातो. दारातल्या कुत्र्याने चोरावर धावून जावं तसं समजा. कधीकधी मात्र हा कुत्रा घरच्याच माणसांना चावू लागतो. सांध्यांना चावला की संधिवात, मूत्रपिंडाला चावला की अंगावर सूज, कातडीला चावला की फोड. असं का होतं ते माझ्या नोकरीच्या सुरुवातीला कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, आणि आजही पुरतं ठाऊक आहे असं मला वाटत नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं या कुत्र्याच्या तोंडाला मुसकं बांधतात. घरची माणसं वाचतात. पण खरा चोर आला तरी कुत्रा गप्प बसतो, म्हणून ही औषधं घेणाऱ्याला साधा खोकला महागात पडतो आणि जुना, निजलेला क्षय जागा होतो.

पुढे या जातीची अनेक औषधं आली. काही पहाऱ्याच्या पेशींची पैदासच कमी करतात, काही त्या पेशींनी एकमेकींना द्यायचा इशारा थांबवतात. दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलेला माणूस आज सिटी सेंटरमध्ये दुकान चालवतो आणि स्कूटरवर हिंडतो, तो याच औषधांमुळे. शरीराने ते परकं मूत्रपिंड हाकलू नये म्हणून त्याला ती जन्मभर घ्यावी लागतात. पण माझ्या उमेदीच्या दिवसांत आमच्या खिडकीवर मुसकं एकच होतं, ते म्हणजे स्टिरॉइडची छोटी पांढरी गोळी.

तिची एक खोड नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन इवल्याशा ग्रंथी असतात. या गोळीत जे आहे तेच त्या स्वतः रोज थोडं थोडं तयार करतात आणि त्यावाचून माणूस जगत नाही. बाहेरून गोळीने भरपूर मिळू लागलं की त्या काम टाकून देतात आणि काही महिन्यांत सुकून जातात. अशा वेळी गोळी एकदम बंद केली तर आत काही नाही आणि बाहेरूनही काही नाही. रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, माणूस घामाने थंड पडतो. म्हणून ही गोळी पायरीपायरीने उतरवायची असते. आमचे डॉक्टर सक्सेना हे प्रत्येक रोग्याला बजावायचे, आणि मग मी खिडकीवर पुन्हा बजावायचो.

राज्यं पुन्हा रचली गेली त्या वर्षीची गोष्ट. आठ वर्षांपूर्वी आमचं संस्थान मध्यभारतात विलीन झालं होतं. आता मध्यभारतही मोडून भोपाळला नवी राजधानी होणार असं ठरलं. बाड्याच्या चौकात पान खायला उभे राहिलात तरी एकच बोलणं, कुणाची कचेरी जाणार आणि कुणाची राहणार. फायलींचे गठ्ठे गोणपाटात शिवले जात होते. मुलांची नावं शाळेत ठेवावीत की काढावीत, भाड्याचं घर सोडावं की धरावं, कुणालाच सुचत नव्हतं. आम्हा मराठी मंडळींना दक्षिणेतून येऊन पाच-सहा पिढ्या झाल्या होत्या, ग्वाल्हेर सोडून कुठे राहायचं याची कुणाला कल्पनाच नव्हती. रुग्णालयातही तेच. सगळ्या जुन्या संस्थानांच्या दवाखान्यांतल्या सामानाची एक यादी व्हायची होती, म्हणून एक समिती आली आणि आमच्या भांडारघराला लाखेची मोहोर लावून गेली. रोजच्या वापरापुरती औषधं खिडकीत काढून ठेवली होती, बाकी सारं आत बंद. मला तर आतून मुंग्या चावत होत्या. रोज सकाळी जाऊन ती मोहोर बघायची, चरफडायचं आणि परत यायचं.

इंदूताई बोरगावकर आमच्याच गल्लीतल्या. यजमान बापूसाहेब सचिवालयात मोठे कारकून, अतिशय सज्जन आणि अतिशय घाबरट. इंदूताईंचं वय तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर. साधारण वर्षभरापूर्वी त्यांच्या तोंडात फोड आले आणि मग पाठीवर, काखेत, मांड्यांवर. पाण्याने भरलेले, बोट लागलं की फुटणारे. खाली लालभडक मांस. कातडीचे थर एकमेकांना चिकटून राहतात, ती चिकटच त्यांच्या शरीराचा पहारा विरघळवत होता. डॉक्टर सक्सेनांनी बापूसाहेबांना बाजूला घेऊन सांगितलं की चार वर्षांपूर्वी ही बाई आली असती तर मी तुम्हाला फक्त तयारीत राहा म्हणालो असतो. त्यांना केळीच्या पानावर निजवावं लागत होतं, चादर चिकटायची म्हणून. दिवसाला बारा गोळ्या सुरू झाल्या आणि तीन आठवड्यांत फोड यायचे थांबले. असं डोळ्यांदेखत बरं होणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. खिडकीतून त्यांची बाटली देताना मला ते माझंच कर्तृत्व वाटायचं.

गोळ्यांनी त्यांचा चेहरा मात्र पुनवेच्या चंद्रासारखा गोल केला. मानेमागे चरबीची गादी आली, वरच्या ओठावर लव आली, भूक अनावर झाली. झोप उडाली. त्या घरात हातात फडकं घेऊन सारख्या फिरत, पुसलेलं पुन्हा पुसत. मला म्हणाल्या, "भाऊ, आत कुणीतरी सारखं ढकलत असतं मला. बसूच देत नाही." मी म्हटलं की मला तर कुणी गोळी न देताच हे होतं. त्या खूप हसल्या.

आमच्या खिडकीवर औषधाची कुळकथा विचारणारे रोजच असत. टॉनिकात दारू आहे का, सुईतल्या औषधात कलेजी आहे का, कॅप्सूल कशाची. माझे वरिष्ठ मुश्ताकसाहेब या बाबतीत पक्के होते. ते म्हणायचे, "मियाँ, दवा का असर बताओ, दवा का खानदान मत बताया करो." मी तरुण होतो आणि एका इंग्रजी मासिकात नुकतंच वाचलं होतं की हे औषध कसाईखान्यातून आणलेल्या जनावरांच्या पित्तापासून काढतात, आणि चिमूटभर औषधासाठी कितीतरी जनावरांचं पित्त लागतं. हे ज्ञान मला कुणाला तरी सांगायचंच होतं. श्रावणात एकदा इंदूताईंनी बाटली घेताना सहज विचारलं, "ही गोळी असते तरी कशाची हो?"

मी त्यांचं बोलणं संपू दिलं नाही. "बैलाच्या पित्ताची!" मी म्हणालो, आणि वर सगळी कृतीच सांगितली. मागे रांगेतले लोक कान देऊन ऐकत होते, त्याने मला आणखी चेव आला.

"अस्सं," इंदूताई म्हणाल्या. बाटली त्यांनी पदराआड न घेता दोन बोटांनी धरून पिशवीत टाकली. हे मला दिसलं आणि मी पुढच्या माणसाकडे वळलो.

भाद्रपदात त्यांच्याकडे महालक्ष्म्या बसत. तीन दिवसांचा सण. पहिल्या दिवशी यायच्या, दुसऱ्या दिवशी जेवायच्या आणि तिसऱ्या दिवशी जायच्या. जेवायच्या दिवशी पुरणावरणाचा स्वयंपाक, सोळा भाज्या, आंबील. सासूबाई गेल्यापासून तो सारा स्वयंपाक इंदूताई एकट्या सोवळ्यात, नैवेद्य होईपर्यंत पाणीही न पिता करत. आदल्या वर्षी फोडांमुळे त्यांना तो करता आला नव्हता. यंदा बापूसाहेबांचं नाव भोपाळच्या यादीत आलं होतं. म्हणजे या घरातल्या या शेवटच्या महालक्ष्म्या. हे बोलणं त्या आठ दिवस करत होत्या, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना सांगत होत्या. मलाही जेवायचं आमंत्रण होतं.

मी दुपारी बारा-साडेबाराला गेलो. पाटरांगोळ्या झाल्या होत्या, पंगतीचे लोक ओसरीवर ताटकळले होते. नैवेद्याची ताटं वाढून व्हायची होती. मला बसवेना म्हणून मी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. आत इंदूताई ओलेत्याने वाळत घातलेलं सोवळ्याचं लुगडं नेसून भाजी वाढत होत्या. चेहरा राखेसारखा. ओठ पांढरे. पळी हातातून निसटली, त्यांनी भिंत धरली, मोरीकडे दोन पावलं गेल्या, ओकल्या आणि तिथेच खाली बसल्या.

मी उंबऱ्यावरून आत पाऊल टाकलं तशी त्यांची आत्या ओरडली, "अहो, शिवू नका! सोवळ्यात आहे ती!"

जाऊबाई पुढे यायला निघाल्या होत्या, त्याही जागीच थबकल्या. बायकांचा घोळका दारात नुसता उभा. मी आत जाऊन मनगट धरलं. थंडगार आणि घामेजलेलं, नाडी सुतासारखी. त्यांनी हात सोडवायचा प्रयत्न केला, पण तेवढंही बळ नव्हतं.

"इंदूताई, गोळी घेतलीत आज?"

"नाही."

"काल?"

"चार दिवस नाही." डोळे मिटूनच त्या म्हणाल्या. "बैलाचं पित्त पोटात घेऊन देवीला कसं वाढू? विसर्जन झालं की घेईन ना, भाऊ."

काय झालं आहे आणि कुणामुळे झालं आहे, हे त्या घरात एकट्या मलाच कळलं होतं.

टांग्यात मी आणि बापूसाहेब त्यांना धरून बसलो. बापूसाहेब सारखे विचारत होते, "अहो, उपासाने झालं ना? उपासानेच ना?" मी हो म्हणालो. रुग्णालयात डॉक्टर सक्सेनांनी चार शब्दांत सगळं ऐकून घेतलं, सलाईन आणि ग्लुकोज लावायला सांगितलं आणि माझ्याकडे वळले. "सुई कहाँ है?"

याच औषधाची शिरेतून द्यायची इंजेक्शनं आमच्याकडे मोजून तीन होती. ती रोज लागत नाहीत म्हणून खिडकीत काढलेली नव्हती. ती मोहोर लावलेल्या भांडारघरात होती. समितीचे बाबू जेवायला गेले होते, मुश्ताकसाहेब रजेवर. मी खलातला लोखंडी बत्ता उचलला आणि लाख फोडली. कुलूप किल्लीने उघडता आलं असतं, किल्ली खिशातच होती, पण ते त्या क्षणी माझ्या डोक्यातच आलं नाही. कुलपावरही दोन घाव घातले. ते तुटलं.

पहिली सुई गेल्यावर तासाभराने नाडी बोटाला लागू लागली. संध्याकाळपर्यंत त्यांनी डोळे उघडून पाणी मागितलं. मी त्या वेळात वॉर्डातून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून वॉर्डापर्यंत किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. एक परिचारिका शेवटी वैतागून म्हणाली, "भैयाजी, आप बैठिए, नहीं तो आपको भी भर्ती कर लूँगी."

समितीच्या बाबूंनी परत येऊन आरडाओरडा केला. "सील किसने तोड़ी?" मी पुढे झालो. डॉक्टर सक्सेना म्हणाले, "मेरे कहने से तोड़ी, लिख लीजिए." त्यांनी लिहून घेतलं. चौकशीची फाईल झाली, तीही गोणपाटात शिवून भोपाळला गेली आणि तिचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. मोहोर फोडल्याचा मला आजही अभिमान वाटतो. कुलूप तोडल्याचं हसू येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गोळी घेऊन गेलो. घरी नैवेद्य जाऊबाईंनी पुरा केला होता, हे त्यांना कळलं होतं. इंदूताईंनी गोळीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. पाठीवर दोन नवे फोड दिसत होते.

"डॉक्टर म्हणाले, ही जन्मभर घ्यावी लागेल. खरं?"

"खरं. थोडी थोडी कमी होत जाईल, पण घ्यावी लागेल."

"मग मी देवीचा स्वयंपाक परत कधीच करायचा नाही. माझ्या हाताला दुसरं काय येतं हो, भाऊ? शाळा मी तिसरीपर्यंत शिकले. त्या सोळा भाज्यांना लोक वर्षभर नावाजतात, तेवढंच माझं." त्या रडत नव्हत्या. "तुम्ही नक्की सांगा. खरंच बैलाची असते? की चेष्टा केलीत?"

गोळी हातात, फोड पाठीवर, आणि बाई वाट पाहत होती. मी घाईघाईने म्हणालो, "अहो, ती जुनी गोळी. आता नवी आलीय, ती कंदाची. रताळ्यासारखा जंगली कंद असतो, त्याच्यापासून करतात."

काही कंपन्या कुठल्याशा कंदावर प्रयोग करत आहेत, असं त्याच मासिकात एका ओळीत वाचलं होतं. आमची गोळी त्यातली होती की नाही, याचा मला पत्ता नव्हता.

"शपथ?"

"आईची शपथ."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग हात पुढे करून गोळी घेतली आणि पाण्याबरोबर गिळली. मी सुटलो. जिना उतरताना मला वाटलं की मी त्यांचा जीव दोनदा वाचवला.

बापूसाहेबांनी त्यानंतर आयुष्यात पहिल्यांदा धीर केला. जी कचेरी ग्वाल्हेरातच राहणार होती तिथल्या एका कारकुनाला भोपाळची हौस होती, त्याच्याशी अदलाबदल करून घेतली. बायकोचे डॉक्टर इथे, औषध इथे, असा अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला. म्हणजे त्या महालक्ष्म्या घरातल्या शेवटच्या ठरल्या नाहीत. दर वर्षी बसत राहिल्या आणि दर वर्षी मी जेवत राहिलो. स्वयंपाक आता जाऊबाई करत. इंदूताई बाहेरच्या खोलीत सुती लुगड्यात बसून वाती वळत. आतून जाऊबाई काही विचारायला आल्या तर तिथूनच सांगत, मीठ किती, डाळ कितपत शिजू द्यायची. मी समजलो की अशक्तपणा असेल. एवढ्या आजारातून उठलेली बाई चुलीपुढे कशाला बसेल? मी विचारलं नाही. मला पंगत आटोपून परत खिडकीवर जायची घाई असे.

गोळी बारावरून उतरत उतरत एकीवर आली. पण तिने आपली वसुली केली. रक्तात साखर आली, एका डोळ्यात मोतीबिंदू आला. हाडं आतून पोकळ झाली. एकदा पाण्याची कळशी उचलताना पाठीचा मणका चेपला आणि त्यानंतर त्या पट्टा बांधून वावरू लागल्या. हातांना कंप सुटला. फोड मात्र परत आले नाहीत. मी त्यांना दर खेपेला म्हणायचो की औषध आपलं काम चोख करतंय.

एकोणीस वर्षांनी, म्हणजे माझेही केस पांढरे व्हायला लागल्यावर, त्या गोळीच्या कंपनीचा एक प्रतिनिधी खिडकीवर आला. बोलका पोरगा होता. बोलता बोलता मी त्याला विचारलं, "क्यों भाई, ये तुम्हारी गोली असल में बनती किससे है?" त्याला ठाऊक नव्हतं. म्हणाला, मुख्य कचेरीला पत्र टाकतो. त्याने टाकलं आणि उत्तर माझ्या नावावर आलं. चांगल्या कागदावर, टाइप केलेलं. आमच्या या औषधाचा कच्चा माल पहिल्यापासून जंगली कंद हाच आहे, प्राण्याचं काहीही त्यात कधी वापरलेलं नाही, असं लिहिलं होतं. आमच्या रुग्णालयात ती गोळी सुरुवातीपासून त्याच कंपनीची येत होती.

मी रांग तशीच सोडली. लोक मागून ओरडत होते, "अरे साहब, किधर?" सायकल काढली आणि थेट बोरगावकरांकडे. महालक्ष्म्या आठ दिवसांवर आल्या होत्या. इंदूताई नेहमीच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, पट्टा बांधलेला, पुढ्यात कापूस. सूनबाई बाजूला डाळ निवडत होती. ती भोपाळच्या कॉलेजात शिकलेली, बोलता बोलता हिंदीत जायची.

"इंदूताई," मी दारातूनच म्हणालो, "माझी शपथ खरी निघाली! कंदाचीच आहे गोळी. पहिल्यापासून कंदाची. बैलाचा काही संबंधच नाही. हे बघा, कंपनीचं पत्र."

त्यांनी वात वळायची थांबवली. "म्हणजे तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं."

मी पत्राची घडी घालू लागलो.

"मला माहीत होतं, तुम्हाला माहीत नाही ते. शपथ फार पटकन घेतलीत, भाऊ. पण तुमचं तोंड पाहिलं आणि वाटलं, हा पोरगा उगाच आईला मध्ये घालतोय, आता नाही कशाला म्हणायचं. म्हणून घेतली गोळी." त्या माझ्याकडे न पाहता बोलत होत्या. "पण पित्त पोटात घेऊन नैवेद्याला हात लावायचा नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. त्यानंतर सोवळं नेसले नाही मी."

सूनबाईने सुपातून मान वर केली. "माँजी, आप तो कहती थीं, पाठीमुळे होत नाही."

"पाठ तर नंतर गेली गं."

मला उभं राहवेना आणि बसवेना. त्यांनी हात पुढे करून पत्र मागितलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. हात थरथरत होता म्हणून त्यांनी कागद मांडीवर ठेवला आणि त्यावरून तळवा फिरवला. मग सुनेला तो वाचायला लावला, एकदा इंग्रजीत आणि एकदा मराठीत. तिने "पहिल्यापासून" हा शब्द वाचला तेव्हा त्या म्हणाल्या, "परत वाच." तिने परत वाचला.

"म्हणजे मी करू शकले असते," इंदूताई म्हणाल्या.

मी म्हणालो, "यंदा करा की. अजून आठ दिवस आहेत."

त्यांनी आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटं थांबत नव्हती. पळीभर पाणीही त्यात राहिलं नसतं.

"या पत्राला किती दिवस लागले यायला?" त्यांनी विचारलं.

मी मनात हिशेब केला. प्रतिनिधी आला तो सोमवार, पत्र आलं तो पुढच्या आठवड्यातला शनिवार.

"बारा दिवस," मी म्हणालो.

"बारा," त्या म्हणाल्या. रागावलेल्या दिसल्या नाहीत. कापसाचा पेळू उचलून त्यांनी पुन्हा मांडीवर घेतला. "तेव्हाच विचारायचं होतंत ना, भाऊ. बारा दिवस मी थांबले असते."